मोठीच्या नावावर पंचेचाळीस पराभव

लोक कशाकशात नाव काढतात, मी हरण्यात काढलं. बावन्न लढती, त्यातल्या पंचेचाळीस हरले, सहा जिंकले आणि एक बरोबरीत सुटली. ती का सुटली हे कुणालाच कळलेलं नाही. एका परीक्षकाचा चष्मा त्या दिवशी घरी राहिला होता, असं आमच्या मास्तरांचं म्हणणं आहे, आणि ते मला बरं वाटावं म्हणून कधी काही बोलत नाहीत.

व्यावसायिक बॉक्सिंगमध्ये माझ्यासारखीची गरज असते. पोस्टरवर शोभेल अशी एखादी होतकरू मुलगी उगवली, की सुरुवातीला तिला कुणाला तरी हरवावं लागतं. समोरची फारच कच्ची निघाली तर लोक हसतात आणि पक्की निघाली तर होतकरू मुलगीच आडवी होते. मी बरोबर बेताची. त्यामुळे आयोजक तीन दिवस आधी फोन करतो आणि विचारतो, "मोकळी आहेस का?" मी काय, कायमची मोकळी. मी लॉन्ड्रीतून सुट्टी घेते, वजन करून घेते, आणि पाहुण्यांसाठी म्हणून जी खोली दाखवतात तिथे, म्हणजे बहुधा बादल्या आणि पोछे ठेवायच्या खोलीत, हाताला पट्ट्या बांधून बसते.

मुद्दाम हरत नाही हं, हे आधीच सांगते. मुद्दाम हरायला अक्कल लागते. मी मनापासून जिंकायला जाते आणि तितक्याच मनापासून मार खाऊन येते. पण आडवी होत नाही. बावीस वर्षांत दोनदाच झाले. आडवं झालं की डॉक्टर महिनाभर रिंगमध्ये जाऊ देत नाहीत, म्हणून उभ्याने हरायचं, हे आमच्या कामातलं कसब. आठ राउंड मी त्या पोरीला दमवते, तिची हनुवटी उघडी राहिली की टपली मारून दाखवते, तिच्या मावशा-आत्या टाळ्या वाजवतात, तिचा हात वर जातो आणि मी घरी येते. मला हे काम आवडतं. असं उघड म्हणायची लाज वाटते, पण आवडतं.

तर हे काम बंद पडायची वेळ आली. दरवर्षी लायसन्स नवं करताना तपासणी होते. डॉक्टरीणबाईंनी छाती ऐकली, डोळ्यांत बॅटरी मारली, एका पायावर उभं केलं आणि म्हणाल्या, "चाळिशीच्या मानाने तब्येत ठणठणीत आहे हो तुमची." मी खूष होऊन कागद घेऊन पलीकडच्या टेबलाशी गेले. तिथे बॉक्सिंग मंडळाचे कारकून बसतात. त्यांना आम्ही सगळे पट्टीवाले म्हणतो, कारण काहीही लिहिलं की ते त्याखाली लाकडी पट्टी ठेवून रेघ मारतात. त्यांनी माझी जन्मतारीख वाचली, तिच्याखाली रेघ मारली आणि मान वर केली.

"पुढच्या महिन्याच्या एक तारखेला चाळीस पूर्ण. मग लायसन्स नाही. नियम आहे."

"पण मी छत्तीसची आहे," मी म्हणाले.

"इथे येणाऱ्या सगळ्याच छत्तीसच्या असतात, बाई."

"मी खरंच छत्तीसची आहे. कागदावर चाळीस आहे."

पट्टीवाल्यांनी पेनाचं टोपण लावलं. माणूस वाईट नाही. "पुरावा आणा. आईवडलांपैकी कुणाचं तरी प्रतिज्ञापत्र चालेल, माझ्यासमोर करता येतं. महिनाअखेरपर्यंत. नंतर आणलंत तर नवं लायसन्स काढावं लागेल, आणि पस्तिशीपुढे नवं देत नाहीत."

म्हणजे एकवीस दिवस. तेवढ्यात आईने खरं बोलायचं होतं, आणि ते तिने सत्तावीस वर्षांत एकदाही केलं नव्हतं.

काय झालं होतं ते सांगून टाकते. आमचं गाव लढाईत गेलं तेव्हा वडीलही गेले. आई, ताई आणि मी, आम्ही तिघी सीमेजवळच्या पत्र्याच्या शेडमध्ये चार महिने होतो. सीमेपलीकडे जायचा परवाना आला तो दोघींचाच, आईचा आणि ताईचा. ताई तेरा वर्षांची, मी नऊ. माझा कागद पुढच्या खेपेला येणार होता, तोवर मी त्याच शेडमधल्या मावशीपाशी राहायचं असं ठरलं. मी दोन दिवस भोकाड पसरून बसले होते. मग ताईला ताप आला. चौथ्या दिवशी सकाळी ती गेली, आणि पाचव्या दिवशी गाडी आली. आईने माझं तोंड धुतलं, ताईचा स्वेटर माझ्या अंगात चढवला, बाह्या दुमडल्या आणि म्हणाली, "आजपासून तू मोठी. कुणी विचारलं तर तेरा वर्षं सांगायचं. हे तुझं नाव." आणि ताईचं नाव सांगितलं.

मला आनंद झाला होता. हे मी कुणाला सांगत नाही. ताईला पुरून एक दिवस झाला होता आणि मला गाडीत बसायला मिळणार म्हणून आनंद झाला होता. नऊ वर्षांच्या पोरीला काय कळतं, असं मी माझ्या मनाला सांगते. ते काही त्याला पटत नाही.

कागदावर तेरा म्हटल्यावर इथे मला एकदम आठवीत घातलं. बाकावर बसले की पाय जमिनीला टेकायचे नाहीत. वर्गातल्या मुली माझ्यापेक्षा वीतभर उंच, आणि मधल्या सुट्टीत कुणाला तरी बडवायचं झालं तर मी सगळ्यांच्या सोयीची. हनुवटी छातीशी घ्यायची, कोपर बरगड्यांवर आणायचे आणि समोरचीच्या हाताखालून सटकायचं, हे मी मुतारीच्या भिंतीला पाठ लावून शिकले. पुढे मास्तर म्हणाले, तुझा बचाव उपजत आहे. मी म्हटलं, असेल.

मास्तर माझे कोच. आई कपडे अल्टर करायची, अजूनही करते, आणि मास्तरांच्या दोन पँटी खालून दुमडून द्यायच्या होत्या त्या पोचवायला मी त्यांच्या तालमीत गेले. तेरा वर्षांची होते. वाळूची पिशवी लोंबत होती, तिला एक ठेवून दिली. मास्तरांनी पँटी बाजूला ठेवल्या आणि विचारलं, "वय काय तुझं?"

"सतरा," मी पाठ केलेलं सांगितलं.

"सतराच्या मानाने बुटकी आहेस."

"आमच्याकडे सगळ्या अशाच असतात."

हे त्यांनी इतकं मनावर घेतलं, की आमच्या भागातून आलेली एखादी उंच बाई दिसली की ते अजून चकित होतात.

तेवीस वर्षं मास्तरांनी माझी बोटं बांधली, नाकात कापूस कोंबला, डोळ्याखाली बर्फ धरला. त्यांना मी कधी काही सांगितलं नव्हतं. पट्टीवाल्यांकडून निघाले ती सरळ तालमीत गेले. मास्तर एका पोरीला दोरीवरच्या उड्या मारायला लावून स्वतः मोजत होते. मी बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ते ऐकत असताना तोंडातल्या तोंडात उड्या मोजतच होते, एकशे चाळीसच्या पुढे थांबले.

"म्हणजे तू सतराची नव्हतीस."

"तेरा, मास्तर."

"मग ती उंची? दोन वर्षांत चार इंच वाढलीस ती?"

"वाढायचं वयच होतं हो माझं."

मास्तरांनी त्या उड्या मारणाऱ्या पोरीकडे पाहिलं. उड्यांनी उंची वाढते हा त्यांचा शोध होता, मी त्याचा पुरावा होते, आणि वीस वर्षं येईल त्या मुलीला ते माझं नाव सांगून उड्या मारायला लावत होते. "थांब गं," ते तिला म्हणाले, "पुरे." मग बाकावर बसले आणि बराच वेळ हातातली पट्टी गुंडाळत राहिले. पुन्हा सोडली, पुन्हा गुंडाळली.

"तुझी पहिली लढत," ते म्हणाले. "ती बेकरीवाली. एकोणीस वर्षांची होती ती. तुझ्या ओठाला तीन टाके पडले. तू तेव्हा..."

"चौदा."

"चौदा वर्षांच्या पोरीला मी तिच्यासमोर उभं केलं, आणि वर ओरडलो की रडतेस काय, घोडी झालीस." त्यांचे डोळे भरले. मी त्यांना तेवीस वर्षांत तसं पाहिलं नव्हतं. माझ्या पंचेचाळीस पराभवांना त्यांनी डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं. मी म्हणाले, "एक ठोसा मीही मारला होता तिला." ते हसले नाहीत. उठून चहा करायला गेले, आणि माझ्या कपात त्यांनी साखर घातली, जी वजनापायी त्यांनी मला जन्मात घालू दिली नव्हती.

मास्तरांना सांगणं सोपं होतं. आईला विचारायला मी आठ दिवस लावले.

आम्ही दोघी टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत राहतो. एका खोलीत आईचं शिलाईयंत्र आणि लोकांचे कपडे, दुसरीत आम्ही. आईचं पासष्टीचं वय, पण सुईत दोरा अजून पहिल्या झटक्यात. ती माझी एकही लढत बघायला आली नाही. घरी तो विषय निघत नाही. सुजलेला डोळा घेऊन आले तर ती बर्फाची पिशवी माझ्यासमोर ठेवते आणि आपल्या कामाला बसते. ती मला नावाने हाकही मारत नाही. खरं नाव बाहेर चुकून निघेल म्हणून तिने ते घरातही बंद केलं, आणि ताईच्या नावाने हाक मारायला तिची जीभ रेटत नाही. मग "अगं", "ए", "ऐकलंस का". मला वाटायचं, तिला बॉक्सिंगमधलं काही कळत नाही, कळून घ्यायचंही नाही.

आठव्या दिवशी ती कुणाच्या तरी कोटाचं अस्तर उसवत होती. मी समोर बसले आणि एका दमात बोलून टाकलं. लायसन्स, चाळीस, छत्तीस, प्रतिज्ञापत्र, पट्टीवाले, उरलेले तेरा दिवस.

"काय लिहून द्यायचं?" तिने वर न बघता विचारलं.

"की मी धाकटी आहे. आणि ताई..."

"नाही."

"आई, आता कुणी काही करत नाही. पट्टीवाल्यांनी वकिलाला विचारलंय. फार तर एक नोटीस येईल, थोडा दंड. मी तेव्हा नऊ वर्षांची होते, आणि तू..."

"नोटिशीला कोण घाबरतंय?" तिने टाके कापायची कात्री खाली ठेवली. "कशाला पाहिजे तुला ते लायसन्स? आणखी चार वर्षं मार खायला?"

"हो," मी म्हणाले. तोंडाने म्हटल्यावर ते फारच बावळट वाटलं. "मला येतं ते तेवढंच. लॉन्ड्रीत मी चादरी घडी करते, ते कुणीही करेल. हे मला येतं."

"पंचेचाळीस वेळा," आई म्हणाली.

 हा आकडा तिला ठाऊक असेल असं मला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

"खालचा टायरवाला मोठ्याने पेपर वाचतो. अमुक हिने तमुक हिला हरवलं. तमुक म्हणजे कोण? माझी मोठी. पंचेचाळीस वेळा तू तिला मार खायला लावलास. लोकांसमोर. माझी मोठी कधी कुणाचा मार खाऊन घरी आली नव्हती. तुला कुणी हात लावला तर ती जाऊन त्यांचे केस उपटायची. तिला तू नेऊन उभी केलीस आणि..."  तिने कोट तोंडावर धरला. लोकांचा कोट, आणि ती रडली, सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा माझ्यादेखत.

मला राग आला. आता सांगायला लाज वाटते, पण आधी रागच आला. नाक माझं मोडलं होतं, दोनदा. टाके माझ्या ओठाला होते. आणि मार म्हणे ताईने खाल्ला. हरायचंसुद्धा माझ्या वाट्याला येऊ नये? तसं मी बोलूनही दाखवलं. "मग मी कोण होते गं तिथे?" असं म्हणून दार आपटून जिना उतरले. खाली टायरवाल्याने विचारलं, "काय, परवाची लढत कशी झाली?" त्याला म्हटलं, पेपरात वाच.

त्यानंतर नऊ दिवस घरात बोलणं बंद. बर्फाची पिशवी फ्रीजमध्ये, आई यंत्रावर, मी लॉन्ड्रीत. लॉन्ड्रीत चादर घडी करायला दोघी लागतात, एकीने दोन कोपरे धरायचे, दुसरीने दोन, आणि चालत एकमेकींपाशी यायचं. माझ्यासमोरची बाई म्हणाली, "तू आज चादर ओढतेस की भांडतेस?" मी म्हटलं, दोन्ही. मनात मी हरलेच होते, आणि या हरण्यात कसब काही नव्हतं.  महिनाअखेर तीन दिवसांवर आली. रिंगशिवाय मी कोण, हा प्रश्न मी पहिल्यांदा नीट विचारला आणि त्याचं उत्तर आलं, ताईच्या नावाची, चादरी घडी करणारी एक चाळिशीची बाई. मला फार भीती वाटली.

दहाव्या दिवशी सकाळी उठले तर आई बाहेर जायचे कपडे घालून दाराशी उभी. हातात पिशवी.

"चल," ती म्हणाली. "त्या पट्टीवाल्याकडे."

 रस्ताभर मी काही विचारलं नाही, न जाणो, विचारलं आणि परत फिरली तर. मंडळाच्या ऑफिसात पट्टीवाल्यांनी तिला खुर्ची दिली, फॉर्म काढला, पट्टी सरळ केली.

"मोठ्या मुलीचं नाव?"

आईने सांगितलं. ते नाव मी हजार वेळा ऐकलं होतं, लाउडस्पीकरवरून, हजेरीत, दवाखान्यात. आईच्या तोंडून ते मी त्या शेडनंतर पहिल्यांदाच ऐकलं. ती ते वेगळं उच्चारते. मधलं अक्षर जरा लांबवते.

"मृत्यू कधी?"

आईने तारीख सांगितली, वार सांगितला, सकाळी उजाडायच्या आधी असंही सांगितलं. पट्टीवाल्यांनी वेळेचा रकाना नसतानाही बाजूला वेळ लिहिली आणि तिच्याखाली रेघ मारली.

"त्या मृत्यूची नोंद कुठे झाली होती का?"

"कशी होणार? कागदावर ती जिवंत लागत होती," आई म्हणाली. "मला रडताही आलं नाही. गाडीत शेजारी लोक होते. मी रडले असते तर विचारलं असतं, कुणासाठी?"

 पट्टीवाल्यांनी फॉर्म उलटवला. "आता लढतींचं. नाव बदलतंय, तर पूर्वीच्या बावन्न लढती नव्या नावावर घ्यायच्या की नाही, ते लिहावं लागतं. नाही घेतल्या तर कोरी सुरुवात, पण मग लायसन्स नवं धरलं जाईल आणि वय आडवं येईल. म्हणजे घ्याव्याच लागतील."

"घ्या," आई लगेच म्हणाली. "सगळे पराभव हिच्या नावावर करा. एकही तिच्याकडे ठेवू नका."

"बरं."

"आणि ते सहा," आई पुढे झुकली, आवाज खाली आणला, अगदी गिऱ्हाईकाला अस्तराचं कापड सुचवताना आणते तसा, "जिंकलेले सहा, ते तिच्याकडे राहू दे."

मी खुर्चीतून पडायची बाकी राहिले. त्या सहांसाठी मी काय काय केलं होतं! एकीत तर मी मोडक्या अंगठ्याने चार राउंड खेळले होते. जगात माझं म्हणावं असं तेवढंच होतं, आणि माझ्या आईने ते बसल्या जागी वाटून टाकलं. तोंड उघडणार तोच तिच्याकडे लक्ष गेलं. ती पट्टीवाल्यांकडे अशी बघत होती, की मी गिळून टाकलं. म्हटलं, "राहू दे, साहेब. तिच्याकडेच राहू दे."

"असं वाटून देता येत नाही हो," पट्टीवाले म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं. "सगळ्या नाहीतर एकही नाही."

आई मागे टेकली. तिने पिशवीचे बंद बोटाला गुंडाळले. मला वाटलं, संपलं, आता उठेल.

"मग तिचं काय राहील?" तिने विचारलं.

"तिची मृत्यूची नोंद होईल. या प्रतिज्ञापत्राची प्रत नोंदणी कार्यालयात जाते. तिचं नाव, जन्म, मृत्यू, आईचं नाव. दाखला मिळेल तुम्हाला."

"तेरा वर्षं, असं लिहितील?"

"तेरा वर्षं."

आईने मान हलवली. पट्टीवाल्यांनी विचारलं, "आणि धाकटीचं नाव?"  तिने हात पुढे केला, त्यांच्या हातातलं पेन घेतलं आणि फॉर्मवर स्वतः लिहिलं. हळूहळू, मोठ्या अक्षरात, रकान्याच्या बाहेर जाऊन. पट्टीवाल्यांनी त्याखाली रेघ मारायला पट्टी ठेवली, आणि का कोण जाणे, न मारताच उचलली.

लायसन्स आलं. दीड महिन्याने आयोजकाचा फोन आला, मोकळी आहेस का. मी अर्थातच मोकळी. एका शाळेचं सभागृह, समोर बावीस वर्षांची पोरगी, आजवर न हरलेली, तिच्या मावशा-आत्यांनी पहिल्या दोन रांगा भरलेल्या. पोछ्यांच्या खोलीत मास्तरांनी माझे हात बांधले आणि म्हणाले, "तुझी आई आलीय. तिसऱ्या रांगेत. तिकीट काढून." मला वाटलं, गंमत करतायत. पण गंमत करणं मास्तरांना येत नाही.

रिंगमध्ये गेले. दिव्यांमुळे पलीकडचं काही नीट दिसत नव्हतं. मी कोपऱ्यात दोराला पाठ लावून उभी राहिले आणि नेहमीप्रमाणे त्या पोरीच्या हनुवटीकडे बघत बसले. बो लावलेला निवेदक मध्ये आला. "निळ्या कोपऱ्यात," तो म्हणाला, "वय वर्षं छत्तीस, बावन्न लढतींचा अनुभव, त्यातले विजय सहा, पराभव पंचेचाळीस." लोक हसले. मीही हसले. मग त्याने एक नाव घेतलं, आणि मला खरंच त्या बाईची कीव आली. कोण आहे बिचारी, म्हणून मी मान वळवून पाहिलंसुद्धा.

कुणीच पुढे झालं नाही. निवेदकाने कागद बघून नाव पुन्हा घेतलं. रेफरी माझ्याकडे बघत होता. खालून मास्तर काहीतरी खुणा करत होते, मला वाटलं हनुवटी खाली घे म्हणतायत, म्हणून ती घेतली. पुढच्या मावशा खिदळायला लागल्या. अजूनही मी उभीच.

आणि तिसऱ्या रांगेतून आई ओरडली. एकच शब्द, माझं नाव, सांजवेळी पोरांना घरात बोलावतात त्या सुरात, शेवटचं अक्षर वर चढवून. सत्तावीस वर्षं तिने ते गळ्यात धरून ठेवलं होतं. अख्खं सभागृह मागे वळलं.

मी दोन्ही ग्लोव्ह्ज वर केले, रिंगच्या मध्यावर धावत आले, आणि तोंडात दातांचं कव्हर असतानाच, नऊ वर्षांच्या पोरीसारखी बोंब मारली, "आले गं आई!"